पीएचपीमायॲडमिन रखडतंय? आधी ओळींची मोजणी तपासा

डेटाबेसवर क्लिक केलं, डावीकडे टेबलांची यादी आली, पण उजवीकडचं पान काही केल्या उघडेना. वेबसाइट मात्र व्यवस्थित चालू आहे, ग्राहकांची तक्रार नाही. रखडतंय ते फक्त ॲडमिन टूल. नव्याने सर्व्हर सांभाळायला लागलेल्या माणसाला अशा वेळी पहिली शंका हार्डवेअरची येते. रॅम वाढवा, होस्टिंग बदला, असे सल्लेही लगेच मिळतात. खर्च करण्याआधी जरा थांबा. बहुतेक वेळा सर्व्हर धडधाकट असतो. तुम्ही न विचारलेले प्रश्न टूल परस्पर त्याला विचारत असतं, आणि त्यांतला सगळ्यांत महागडा प्रश्न असतो, 'या टेबलात ओळी किती?'

हा लेख मुख्यतः मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरांवर पीएचपीमायॲडमिन, म्हणजे ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं टूल, वापरणाऱ्यांसाठी आहे. शेअर्ड होस्टिंगवर ही जोडी हमखास भेटते. शेवटी पीजीॲडमिन आणि डीबीव्हर या अशाच दुसऱ्या टूलांबद्दलही थोडं आहे. आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची, आणि अंडरस्कोर दिसेल तिथे अंडरस्कोर ठेवायचा.

पहिली पायरी: नेमकं कोण अडलंय ते पकडा

पान फिरत असतानाच दुसऱ्या टॅबमध्ये किंवा टर्मिनलवर नवीन कनेक्शन उघडा आणि 'शो फुल प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा द्या. पीएचपीमायॲडमिनमध्ये 'स्टेटस'खाली 'प्रोसेसेस' नावाचा टॅब आहे, त्यातही हीच माहिती दिसते. शेअर्ड होस्टिंगवर तुम्हाला फक्त स्वतःच्या युजरच्या प्रक्रिया दिसतील, कारण बाकीच्यांच्या पाहायला 'प्रोसेस' हा वेगळा अधिकार लागतो. आपल्या कामाला तेवढ्या पुरतात.

आता यादीत 'टाइम' आणि 'इन्फो' हे दोन रकाने बघा. 'इन्फो'मध्ये 'सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम' अशी क्वेरी आणि 'टाइम'मध्ये वाढत जाणारे सेकंद दिसले, तर चोर सापडला. जुन्या आवृत्त्यांत अशा क्वेरीसमोर 'सेंडिंग डेटा' अशी अवस्था लिहिलेली असते. ती वाचून नेटवर्कच्या मागे लागू नका. सर्व्हर त्या वेळी ओळी वाचत असतो, कुठे पाठवत नसतो. मायएसक्यूएल ८.०.१७ पासून ही अवस्था 'एक्झिक्युटिंग'मध्येच धरली जाते, त्यामुळे नव्या सर्व्हरवर हा गोंधळ तरी होत नाही.

यादीत काहीच चालू नसेल, तर डेटाबेसला दोष देण्यात अर्थ नाही. 'सिलेक्ट १' एवढीच क्वेरी टूलमधून चालवून बघा. तीसुद्धा रेंगाळली, तर गडबड वेब सर्व्हर, पीएचपी किंवा नेटवर्कमध्ये आहे.

एक प्रकार नवख्यांना बराच काळ चकवतो. लॉगिन करतानाच दहा-वीस सेकंद जातात आणि एकदा आत शिरलं की सगळं सुसाट. प्रोसेसलिस्टमध्ये तेव्हा 'अनऑथेंटिकेटेड युजर' अशी ओळ दिसते. जोडणी करणाऱ्या यंत्राच्या आयपीवरून त्याचं नाव काय, हे सर्व्हर डीएनएसला विचारत बसलेला असतो आणि डीएनएसकडून उत्तर येत नसतं. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'स्किप_नेम_रिझॉल्व्ह' चालू केलं की हा त्रास जातो. मात्र त्याआधी युजरांची यादी तपासा. एखाद्याला यंत्राच्या नावाने प्रवेश दिलेला असेल तर तो बंद होईल. तिथे आयपी पत्ता लिहावा लागेल.

दुसरी पायरी: मोजणी जड का आहे, हे समजून घ्या

ही पायरी वाचून पुढे जाऊ नका, नीट पचवा. बाकीच्या सगळ्या सेटिंगा हिच्यावर उभ्या आहेत.

मायएसक्यूएलमध्ये टेबल साठवण्याची दोन प्रमुख इंजिनं प्रचलित होती. जुनं मायआयएसएएम आणि २०१० साली आलेल्या ५.५ आवृत्तीपासून डिफॉल्ट झालेलं इनोडीबी. मायआयएसएएम प्रत्येक टेबलाची एकूण ओळसंख्या लिहूनच ठेवतं. 'व्हेअर'ची अट नसेल तर कोटभर ओळींच्या टेबलाचाही आकडा क्षणात मिळतो. इनोडीबी असा आकडा लिहून ठेवत नाही. हा आळशीपणा नाही, त्याला तसं करता येत नाही. इनोडीबीमध्ये एकाच क्षणी अनेक ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडायची कामं) चालू असतात आणि प्रत्येकाला टेबलाचं वेगळं रूप दिसत असतं. समजा, मी हजार ओळी टाकल्या पण अजून 'कमिट' केलं नाही, म्हणजे बदल पक्के केले नाहीत. त्या माझ्या मोजणीत येतील, तुमच्या येणार नाहीत. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. मग एकच आकडा लिहून ठेवायचा तर कोणाचा? म्हणून दर वेळी ओळी खरोखर वाचून, तुमच्या ट्रान्झॅक्शनला त्यांतल्या कोणत्या दिसायला हव्यात हे ठरवत मोजाव्या लागतात.

यावर तोडगा म्हणजे अंदाज. लग्नघरी आचाऱ्याला 'चारशे पानं होतील' एवढं सांगितलं की पुरतं. निमंत्रितांची हजेरी घेऊन कोणी स्वयंपाकाला लागत नाही. इनोडीबी टेबलाची काही मोजकी पानं, म्हणजे डिस्कवर डेटा ठेवायचे ठरावीक आकाराचे तुकडे, चाळतं (डिफॉल्ट २०) आणि त्यांवरून एकूण ओळींचा अंदाज बांधतं. 'शो टेबल स्टेटस' दिल्यावर 'रोज' (इंग्रजी Rows, म्हणजे ओळी) या रकान्यात येतो तो हाच आकडा. मायएसक्यूएलच्या अधिकृत मॅन्युअलनुसार तो खऱ्या संख्येपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो.

म्हणून स्थलांतर करताना जुन्या आणि नव्या सर्व्हरवरचे हे अंदाज शेजारी ठेवून 'ओळी कमी आल्या' म्हणत घाबरू नका. याउलट दोन्ही आकडे जुळले म्हणून निर्धास्तही होऊ नका. तिथे खरी मोजणीच हवी.

तिसरी पायरी: टूलला मोजण्यापासून आवरा

डेटाबेसचं मुख्य पान उघडताना पीएचपीमायॲडमिन आधी सगळ्या टेबलांचे अंदाज मागवतं. मग ज्या इनोडीबी टेबलाचा अंदाज ठरावीक मर्यादेच्या आत आहे, त्याची ते खरी मोजणी करतं. मर्यादेबाहेरच्या टेबलांसमोर अंदाजच दाखवतं, पण आकड्याआधी '~' ही नागमोडी खूण लावून. त्या आकड्यावर क्लिक केलं तर त्या एकाच टेबलाची अचूक मोजणी होते. मोजायचं की नाही, हे तुम्ही ठरवता.

ही मर्यादा 'मॅक्सएक्झॅक्टकाउंट' या सेटिंगमध्ये असते. ४.८.० आवृत्तीपासून ती ५०,००० आहे. त्याआधी, ४.२.६ पासून ती ५,००,००० होती! म्हणजे एखाद्या जुन्या सर्व्हरवर तीन-चार लाख ओळींची चाळीस टेबलं असतील, तर नुसतं पान उघडायला चाळीस मोजण्या होतात. त्यामुळे आधी आवृत्ती बघा. सुरक्षेच्या कारणानेही जुनं पीएचपीमायॲडमिन इंटरनेटवर उघडं ठेवणं चुकीचंच आहे, त्यामुळे अपडेटला दुहेरी कारण आहे.

नव्या आवृत्तीतही टेबलं शेकड्यांनी असतील तर ही मर्यादा आणखी खाली आणा. एकेका टेबलाची मोजणी किरकोळ असली तरी शेकडो मिळून पान जड होतं. 'कॉन्फिग.इंक.पीएचपी' या फाइलमध्ये 'मॅक्सएक्झॅक्टकाउंट'ची किंमत १,००० ठेवली तरी रोजच्या कामात काही अडत नाही. आकडा टाकताना स्वल्पविराम घालू नका आणि सेटिंगच्या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा. 'व्ह्यू'साठी, म्हणजे साठवलेल्या क्वेरीतून बनणाऱ्या आभासी टेबलासाठी, वेगळं सेटिंग आहे, 'मॅक्सएक्झॅक्टकाउंटव्ह्यूज'. त्याची डिफॉल्ट किंमत ० आहे, म्हणजे मोजणी बंद. कोणी ती वाढवून ठेवली असेल तर परत ० करा. तीन-चार टेबलं जोडून बनवलेल्या व्ह्यूच्या ओळी मोजायच्या तर मागची अख्खी क्वेरी चालवावी लागू शकते.

शेअर्ड होस्टिंगवर ही फाइल तुमच्या हातात नसते. तिथे होस्टिंगवाल्यांना सांगून बघा, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. एसएसएच (सर्व्हरवर दुरून टर्मिनल उघडायची सोय) मिळत असेल तर सरळ टर्मिनलवरचा मायएसक्यूएल क्लायंट वापरा. तो न विचारता काही मोजत नाही.

अंदाजसुद्धा महाग पडतो तेव्हा

मायएसक्यूएल ५.५ च्या काळातला सर्व्हर अजून कुठे चालू असेल, आणि असे सर्व्हर असतात, तर तिथे आणखी एक भानगड आहे. 'इनोडीबी_स्टॅट्स_ऑन_मेटाडेटा' हे सेटिंग त्या आवृत्तीत चालू असतं. त्यामुळे 'शो टेबल स्टेटस' म्हटलं की सर्व्हर प्रत्येक टेबलाची पानं नव्याने चाळून आकडेवारी बनवतो. दर रिफ्रेशला ओळींचा आकडा बदलताना दिसतो तो यामुळेच. ५.६.६ पासून हे डिफॉल्टने बंद आहे. जुन्या सर्व्हरवर 'सेट ग्लोबल इनोडीबी_स्टॅट्स_ऑन_मेटाडेटा = ०' द्या आणि तेच कॉन्फिगरेशन फाइलमध्येही लिहा, नाहीतर सर्व्हर रिस्टार्ट झाला की पहिले पाढे पंचावन्न.

मायएसक्यूएल ८ मध्ये तक्रार नेमकी उलटी असते. लाखभर ओळी टाकल्या तरी 'शो टेबल स्टेटस'मधला आकडा हलतच नाही. तिथे ही माहिती साठवून ठेवलेली असते आणि ती ८६,४०० सेकंदांनी, म्हणजे दिवसाने शिळी धरली जाते. 'इन्फर्मेशन_स्कीमा_स्टॅट्स_एक्स्पायरी' हे त्याचं सेटिंग. ताजा अंदाज हवा असेल तर त्या टेबलावर 'ॲनलाइझ टेबल' चालवा. काम थोडक्यात होतं, कारण तेही नमुन्यावरच चालतं. पण त्याच टेबलावर एखादी लांबलेली क्वेरी चालू असेल तर हे टाळा; काही आवृत्त्यांत मागून येणाऱ्या क्वेरी त्यामुळे अडकून पडतात.

चौथी पायरी: खरा आकडा हवाच असेल तर

हिशेब, ऑडिट, स्थलांतराची पडताळणी अशा कामांना अंदाज चालत नाही. तिथे 'काउंट(*)' वापरा. 'काउंट(१)' जलद असतं, ही निव्वळ अफवा आहे. इनोडीबी दोन्ही सारखंच हाताळतं. 'काउंट(कॉलम)' ही वेगळी गोष्ट. त्यात त्या कॉलममध्ये 'नल' (किंमतच नाही) असलेल्या ओळी धरल्या जात नाहीत, त्यामुळे उत्तरच बदलू शकतं.

वेळ कशात जातो? वाचायच्या पानांच्या संख्येत. इनोडीबीचं एक पान १६ केबीचं असतं आणि मुख्य टेबल प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, जसं आयडी) क्रमाने, सगळ्या कॉलमांसकट साठवलेलं असतं. ५० लाख ओळी आणि सरासरी एक केबीची ओळ धरली तर जवळपास ५ जीबी झाले. टेबलावर प्रायमरी कीशिवाय दुसरा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची क्रमवार सूची) नसेल तर मोजायला हे सगळं वाचावं लागतं. पण एखाद्या छोट्या पूर्णांकी कॉलमवर इंडेक्स असेल, तर त्यात फक्त तो कॉलम आणि प्रायमरी की एवढंच असतं. तेवढ्याच ओळींचा असा इंडेक्स शंभर-दीडशे एमबीत मावतो. अट नसलेल्या मोजणीसाठी इनोडीबी सहसा सगळ्यांत लहान इंडेक्स निवडतं. क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' लावलं की 'की' या रकान्यात कोणता निवडला ते दिसतं. त्यावरही आंधळा विश्वास नको. घड्याळ लावून वेळ मोजा. आणि केवळ मोजणीसाठी नवा इंडेक्स टाकायला मी सहसा नको म्हणेन. प्रत्येक इंडेक्स 'इन्सर्ट' आणि 'डिलीट'वर थोडा थोडा कर लावतो.

पहिल्यांदा चाळीस सेकंद लागले आणि लगेच परत चालवलं तर दोनच, असंही होतं. पहिल्या वेळी पानं डिस्कवरून बफर पूलमध्ये, म्हणजे इनोडीबीने मेमरीत राखलेल्या जागेत, आली, दुसऱ्या वेळी ती तिथेच होती. या बफर पूलचा डिफॉल्ट आकार फक्त १२८ एमबी आहे, आणि १६ जीबीच्या यंत्रावरही तो तसाच राहिलेला पुष्कळदा सापडतो. 'इनोडीबी_बफर_पूल_साइझ' वाढवणं हा या लेखातला सगळ्यांत फायद्याचा एकच बदल ठरू शकतो. फक्त डेटाबेसच चालणाऱ्या यंत्रावर मेमरीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाता येतं. वेब सर्व्हर आणि पीएचपीही त्याच यंत्रावर असतील तर निम्म्याच्या आत राहा आणि मेमरीवर लक्ष ठेवा.

पुष्कळदा खरा प्रश्न 'किती' हा नसतोच. 'काही आहे का?' एवढं हवं असेल तर 'एक्झिस्ट्स' वापरा. पहिली ओळ सापडताच ते थांबतं. 'हजाराच्या वर आहेत का?' हवं असेल तर आतल्या क्वेरीला 'लिमिट १००१' लावून बाहेरून मोजा. डॅशबोर्डवर रोज दाखवायचा आकडा असेल तर रात्री एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) मोजून छोट्या टेबलात ठेवा. प्रत्येक 'इन्सर्ट'ला वाढणारा काउंटर ठेवण्याचा मोह होईल. व्यवहार थोडे असतील तर तो चालेलही, पण हजारो व्यवहार एकाच वेळी त्या एका ओळीसाठी रांग लावू लागले की दुखणं नवीन जागी जाईल.

टेबल चाळतानाचा संथपणा

मोजणी आवरली तरी टेबल उघडताना वेळ लागतोय? मग तुम्ही कधीतरी एखाद्या कॉलमच्या नावावर क्लिक करून क्रम लावला होता का, ते आठवा. पीएचपीमायॲडमिनमध्ये 'रिमेंबरसॉर्टिंग' डिफॉल्टने चालू असतं. तो क्रम ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी टेबल उघडताना पुन्हा लावतं. त्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर पंचवीस ओळी दाखवण्यासाठी अख्खं टेबल क्रमाने लावावं लागतं. वर दिसणाऱ्या क्वेरीत 'ऑर्डर बाय' आहे का बघा, असेल तर ते काढून पुन्हा चालवा.

दुसरा सापळा शेवटच्या पानाच्या बटणाचा. ते दाबलं की 'लिमिट'सोबत भलामोठा 'ऑफसेट' जातो. सर्व्हरला चाळीस लाख ओळी ओलांडता येत नाहीत. त्या एकेक वाचून टाकून द्याव्या लागतात आणि मग शेवटच्या पंचवीस मिळतात. शेवटच्या नोंदी बघायच्या असतील तर 'ऑर्डर बाय आयडी डेस्क लिमिट २५' लिहा ('डेस्क' म्हणजे DESC, उलटा क्रम). त्याच्या मागच्या हव्या असतील तर दिसलेल्या सर्वांत लहान आयडीपेक्षा कमी अशी 'व्हेअर'ची अट जोडा. इंडेक्सवरून थेट तिथेच पोचता येतं.

ज्या टेबलात लांबलचक मजकूर किंवा फोटो साठवलेत, तिथे 'सिलेक्ट *' टाळून लागतील तेवढेच कॉलम मागवा. पडद्यावर मजकूर छाटून दिसतो, पण त्या आधी तो सर्व्हरवरून पूर्ण आलेला असतो. आणि 'डेटाबेसेस' पानावरचं 'एनेबल स्टॅटिस्टिक्स' उगाच दाबू नका. त्याने वेब सर्व्हर आणि डेटाबेस सर्व्हर यांच्यामधली वर्दळ वाढेल असा इशारा टूल स्वतःच तिथे देतं.

अडकलेली मोजणी सोडवताना

टॅब बंद केला म्हणजे क्वेरी थांबली, असं समजू नका. ती सर्व्हरवर बऱ्याचदा चालूच राहते. वैतागून पाच वेळा रिफ्रेश केलं तर पाच मोजण्या एकमेकींच्या उरावर बसतात. प्रोसेसलिस्टमधून तिचा आयडी घ्या आणि 'किल क्वेरी' त्या आयडीसह द्या. त्याने फक्त क्वेरी थांबते. नुसतं 'किल' दिलं तर कनेक्शनच तुटतं. मोजणी मारायला भीती नाही, कारण ती काहीच बदलत नाही. मोठं 'अपडेट' किंवा 'डिलीट' मारताना मात्र विचार करा. झालेले बदल परत फिरवायला कधीकधी मूळ कामाइतकाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

मोजणीने वेबसाइट बंद पाडण्याचा एक प्रकारही माहीत असू द्या. लांबलेली मोजणी चालू असताना कोणी त्याच टेबलावर 'ऑल्टर टेबल' (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) दिलं, की ते 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' म्हणत थांबतं. मग त्याच्या मागून आलेली प्रत्येक साधी 'सिलेक्ट'ही त्याच्या मागे रांगेत उभी राहते. यादीत असे पन्नास लोक थांबलेले दिसले तर त्यांना मारत सुटू नका. सगळ्यांत जुनी, पुढे बसलेली क्वेरी शोधा. ती सापडली नाही तर 'स्लीप' दाखवणारं, पण ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेलं एखादं कनेक्शन असतं.

असं मुळातच होऊ नये म्हणून वेळेची मर्यादा घाला. मायएसक्यूएल ५.७.८ पासून 'मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम' आहे. ते मिलिसेकंदांत द्यायचं आणि ते फक्त 'सिलेक्ट'ला लागू होतं. मारियाडीबीत १०.१ पासून 'मॅक्स_स्टेटमेंट_टाइम' आहे, पण ते सेकंदांत! मायएसक्यूएलचा ३०,००० हा आकडा मारियाडीबीत तसाच चिकटवला तर ३० सेकंदांच्या मर्यादेऐवजी आठ तासांहून मोठी मर्यादा लागेल.

पीजीॲडमिन आणि डीबीव्हर

पीजीॲडमिन ज्याच्यासाठी आहे त्या पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसलाही प्रत्येक ट्रान्झॅक्शनचं वेगळं चित्र सांभाळायचं असतं, त्यामुळे तिथेही मोजणी महागच. पीजीॲडमिन अंदाजे आणि मोजलेल्या ओळी वेगवेगळ्या दाखवतं. अंदाज २,००० च्या खाली असेल तरच ते स्वतःहून मोजतं, आणि हा आकडा 'प्रेफरन्सेस'मध्ये बदलता येतो. हाताने अंदाज काढायचा तर 'पीजी_क्लास'मधला 'रेलटपल्स' बघा. आवृत्ती १४ पासून तिथे -१ दिसलं तर त्या टेबलावर अजून एकदाही 'व्हॅक्यूम' (निरुपयोगी जुन्या ओळींची सफाई) किंवा 'ॲनलाइझ' झालेलं नाही असं समजा. खरी मोजणीही 'व्हॅक्यूम' वेळच्या वेळी झालेल्या टेबलावर बरीच हलकी होते, कारण ९.२ आवृत्तीपासून नुसत्या इंडेक्सवरून मोजता येतं. त्यासाठी कोणत्या पानांवरच्या ओळी सगळ्यांनाच दिसतात याची नोंद ताजी असावी लागते.

डीबीव्हर डिफॉल्टने २०० ओळी आणून थांबतं आणि एकूण मोजणीसाठी वेगळं बटण देतं. ते दाबलंत तर त्याच मोजणीची वाट पाहावी लागेल, टूल कितीही देखणं असलं तरी.